कुंकू लावलेला कंपायलर

अवरेकाई बाजारात आली की बंगळूरचा हिवाळा आला, हे आमच्याकडे कॅलेंडर न बघता कळतं. पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायचं तर तुमच्या पावट्याची ही इकडची चुलतबहीण. पण मी असं म्हटलेलं चिकपेटेतल्या एखाद्या अवरेवालीनं ऐकलं तर ती मला टोपलीला हात लावू देणार नाही. दवात भिजलेल्या त्या शेंगांना एक वास असतो, जरासा तेलकट, जरासा हिरवा, बोटांना दिवसभर चिकटून राहणारा. त्याला इथं सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथं राहूनही आमच्या घरात कुणी तो शोधायची तसदी घेतलेली नाही. शेजारच्यांकडे शब्द आहे ना, मग तोच आणायचा आणि वापरायचा, एवढी साधी रीत.

यंदाही शेंगा आल्या. दाणे रात्री भिजत घातले होते, आणि सकाळी ते हितकायला, म्हणजे चिमटीत धरून सालातून पुटकन बाहेर काढायला, मी माझ्या बहिणीच्या नातीला बोलावलं होतं. मेघना सर्जापूर रोडला राहते, संगणकाच्या कंपनीत आहे. बाईसाहेब आल्या त्या मांडीवर परात घ्यायच्याऐवजी लॅपटॉप घेऊन बसल्या. दहा मिनिटं नुसती टकटक. मग एकदम ओरडल्या, "अज्जी, वेड लागेल मला! नवं व्हर्जन टाकलं आणि सगळं बंद. काल चालत होतं गं! मी एक अक्षर बदललं नाहीये. मंगळवारी डेमो आहे माझा!"

मला हसू फुटलं. वाईट नव्हतं हो, पण आवरेना.

"हसतेस काय?"

"अगं, हे मी ऐकलंय. माझ्याच तोंडून ऐकलंय."

तिला वाटलं म्हातारीचं काहीतरी. पण बोटांना सोगडु लागलेला होता, बाहेर धुकं होतं, आणि मी साठच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात केव्हाच जाऊन पोचले होते.

तेव्हा मी गणितात एम.एस्सी. होऊन एका सरकारी प्रयोगशाळेत लागले होते. विमानाचा पंख वाऱ्यात किती थरथरेल, त्याचं गणित यंत्राकडून करून घ्यायचं, हे माझं काम. यंत्र एका मोठ्या खोलीत होतं आणि त्याच्यासाठी खोली थंड ठेवलेली. बाहेर बंगळूरची थंडी, आत यंत्राची. मी बारा महिने साडीवर स्वेटर घालून फिरायची आणि शेजारपाजारचे आईला हळूच विचारायचे, मुलीची तब्येत बरी आहे ना?

मेघनाच्या पिढीला सांगितलं पाहिजे की तेव्हा पडदाबिडदा काही नव्हता. प्रोग्राम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचा. एका कार्डावर एक ओळ. भोकं पाडताना कागदाचे बारीक कण उडायचे ते केसांत अडकायचे. मी घरी आले की आई विचारायची, "आज कुणाच्या लग्नाच्या अक्षता गं?" आणि यंत्राला आमची भाषा थेट कळायची नाही. मध्ये दुभाष्या लागायचा. तो दुभाष्या म्हणजे कंपायलर. तोही कार्डांचा एक भलामोठा गठ्ठाच होता. आधी तो गठ्ठा यंत्राला खाऊ घालायचा, मग आपला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कचेरीत इंग्रजी अशा तीन पाण्यांत वाढलेल्या मला दुभाष्याची किंमत कुणी शिकवायला नको होती.

माझे सहकारी देशपांडे निपाणीकडचे. माणूस भला, आवाज मोठा, आणि देवाधर्माचं भारी. नवरात्रात आमच्याकडे आयुधपूजा होते. सुताराचा रंधा, ड्रायव्हरची बस, अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, चिकपेटेतल्या दुकानातलं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. त्या वर्षी देशपांड्यांनी ठरवलं की आपल्या यंत्राचीही पूजा व्हायलाच पाहिजे. आमचे प्रमुख राव साहेब दारात आडवे पडायचे बाकी राहिले. धूळ नको, धूर नको, यंत्राच्या अंगाला बोट लावाल तर याद राखा!

"ऱ्हाऊ द्या की साहेब," देशपांडे म्हणाले. "यंत्र म्हंजे नुसतं कपाट. अक्कल हाय ती ह्या गठ्ठ्यात. ह्याचीच पूजा करतो."

कंपायलरच्या दोन प्रती होत्या. त्यातली एक त्यांनी पाटावर मांडली आणि अशी मनापासून पूजा केली की विचारू नका. ओली हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, वर नारळाच्या पाण्याचा शिंतोडा. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा विटेसारखा घट्ट झालेला! यंत्र काय, उंदरानंही तो खाल्ला नसता. राव साहेब तासभर कन्नडमध्ये बोलले. त्यातलं निम्मं मी आईसमोर बोलू शकले नसते.

दुसऱ्या प्रतीवर काम चालू राहिलं. पण ह्या गठ्ठ्याचं करायचं काय? पूजेची वस्तू, रद्दीत घालवत नाही. देशपांडे म्हणाले, हलसूरच्या तळ्यात सोडून येतो. तोवर गठ्ठा कपाटात, सरस्वतीच्या तसबिरीखाली. "उद्या नेतो बाई." दिवाळी झाली. "उद्या नक्की." बसवनगुडीची शेंगदाण्यांची जत्रा झाली, आम्ही सगळे शेंगा फोडत त्या कपाटाला टेकून उभे होतो. अवरेकाई बाजारात आली. उद्या काही उजाडला नाही.

आणि मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे कर्णिक आले, नवा कंपायलर घेऊन.

कर्णिक मुंबईचे. टाय, चकचकीत बूट, आणि मराठी अशी की प्रत्येक वाक्याला परीटघडी. आमची तिघांची मराठी तीन गावची. मी 'सरी' म्हणायची, देशपांडे 'होय की' म्हणायचे, कर्णिक 'अर्थातच' म्हणायचे, आणि तरी आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं. कंपनीच्या दोन आवृत्त्यांना मात्र एकमेकींचं ओ की ठो कळलं नाही.

नव्या गठ्ठ्याच्या कार्डांवर निळी पट्टी होती. केवढं कौतुक झालं त्या पट्टीचं! ही आवृत्ती जास्त हुशार आहे, जास्त वेगवान आहे, कर्णिक सांगत होते आणि आम्ही माना डोलावत होतो. जाताना त्यांनी जुना गठ्ठा बॅगेत भरला. "एका खोलीत दोन आवृत्त्या नकोत. गोंधळ होतो. जुनीला यापुढे कंपनी जबाबदार नाही." तसबिरीखाली काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांच्या लेखी ते तळ्यातच गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा प्रोग्राम घातला. महिनोन्‌महिने गुणी बाळासारखा चाललेला प्रोग्राम. यंत्र खडखडलं, थांबलं, आणि त्यानं कागदावर आकडे छापले. उत्तरांचे नव्हेत, चुकांचे. कुठली चूक, ते नाही. नुसता क्रमांक. आता त्या क्रमांकाचा अर्थ बघायला पुस्तक लागतं, आणि पुस्तक? ते मागून बोटीनं येतंय, असं कर्णिकांनी तारेनं कळवलं. म्हणजे दुभाष्या विमानानं आला आणि त्याचा शब्दकोश समुद्रात कुठंतरी हेलकावे खातोय! मी त्या बोटीला काय काय म्हटलं असेल ते समुद्रालाच माहीत.

चाचपडत चाचपडत शोधलं. काही वाक्यं आम्ही जशी लिहायचो तशी आता म्हणे लिहीत नाहीत. कालपर्यंत लिहायचे, आज लिहीत नाहीत. कुणी ठरवलं? कुणाला विचारलं? बरं, ती बदलली. सगळी कार्डं पुन्हा भोकं पाडून केली. तर शेवटी नवाच साक्षात्कार. हा हुशार कंपायलर प्रोग्रामसकट स्वतःचं एवढं बिऱ्हाड यंत्राच्या डोक्यात मांडायचा की माझा अख्खा पंख त्यात मावेना.

कर्णिक पुन्हा आले तेव्हा मी त्यांना धरलंच. "अहो, हा पाहुणा घरात आलाय आणि घरच्यांना झोपायला जागा नाही. करायचं काय?"

"मेमरी वाढवून घ्या," ते शांतपणे म्हणाले. "मोठं मॉडेल आहे ना आमचं."

"आणि तोवर?"

"तोवर प्रोग्राम थोडा लहान करा."

"पंख लहान करू? विमान उडायचंय, की फक्त रंगवून ठेवायचंय?"

देशपांडे खो खो हसले. कर्णिकांनी टाय सारखा केला. मला मात्र त्या क्षणी रडू येत होतं, आणि रडू आलं की मी जास्त चुरूचुरू बोलते, हे आईला ठाऊक होतं, कर्णिकांना नव्हतं.

कारण माझं सगळंच त्या पंखावर टांगलेलं होतं. माझी नेमणूक तात्पुरती. राव साहेबांनी स्वच्छ सांगितलेलं, "नोडम्मा, हे बघ पोरी, जानेवारी संपायच्या आत पंखाची उत्तरं दे, मी तुला कायम करून घेतो. नाही तर वर मी काय सांगू?" आणि घरी हुबळीचं एक स्थळ येऊन बसलेलं. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण अण्णांचा हिशेब सरळ होता. नोकरी कायम झाली तर लग्नाची घाई नाही, नाही झाली तर फेब्रुवारीत साखरपुडा. मला ती नोकरी हवी होती. ती थंड खोली, ते खडखडणारं यंत्र, केसांतले कागदाचे कण, सगळं हवं होतं. आयुष्यात तोवर इतकं दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत घरी रोज अवरेकाई. अवरेचं सारू, अवरेचं उप्पीट, अवरे घातलेली भाकरी. मी आईशेजारी बसून दाणे हितकायची आणि प्रत्येक दाण्यागणिक कंपनीच्या नावानं बोटं मोडायची. "अगं, स्वल्प हळू," आई म्हणायची, "दाणे चेचतायत." दाणा सालातून सुटून उडायचा, कधी परातीत, कधी चुलीमागे. अण्णा दुकानातून आले की विचारायचे, "काय, बसला का पंख?" नाही म्हटलं की मुकाट्यानं हातपाय धुवायला जायचे. त्यांनाही मी ती नोकरी सोडलेली नको होती, असं मला आता वाटतं. तेव्हा त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

संक्रांत दोन दिवसांवर आली. सकाळी मी बसमधून उतरले तर फाटकातून देशपांडे बाहेर येताना दिसले. काखेत पिशवी, कपाळाला गंध, पायांत चपला नाहीत.

"कुठं निघालात?"

"हलसूरला. घरचीनं सांगितलंय, संक्रांतीच्या आत तेवढं देवाचं तळ्यात सोडा, न्हाई तर तिळगूळ मिळायचा न्हाई."

मी "बरं" म्हणून चार पावलं पुढे गेले. आणि मग धुक्यात जिथं होते तिथून अशी ओरडले की फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला.

"देशपांडे! थांबा! पिशवीत काय आहे?"

काय असणार? जुना कंपायलर. कर्णिकांनी नेला नाही तो, आणि नेला नाही कारण त्याला कुंकू लागलं होतं.

देशपांडे ऐकेनात. "देवाला दिलेलं परत घेत न्हाईत बाई. पाप लागंल."

"अहो, आयुधाची पूजा कशासाठी करतात? दुसऱ्या दिवशी हातात घ्यायला! सुतार रंधा तळ्यात सोडतो का? आमचे अण्णा शिलाई मशीन बुडवून येतात का?"

ते थबकले. पिशवीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. "हे बरोबर हाय की," ते म्हणाले. "तीन महिनं उशीर झाला म्हणा, पण दुसरा दिवसच धरू."

राव साहेबांना दाखवलं. त्यांनी गठ्ठा बघितला, चष्मा काढला, पुसून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही." आणि कन्नड पेपर वाचायला घेतला.

पुढचे दिवस आठवले की मला अजून आनंद होतो. आम्ही एकेक कार्ड सुटं केलं. भोकांतून तांदळाचे दाणे काढले. हळद कापसानं पुसली. कार्डं फुगून वाकडी झाली होती, यंत्रात जाईनात. तेव्हा मी ती चिकपेटेत अण्णांच्या दुकानात घेऊन गेले. अण्णांनी कोळशाची इस्त्री तापवली, कार्डावर धोतराचा तुकडा टाकला, आणि एकेक कार्ड असं दाबलं की नव्या नवऱ्याचा कोट असावा.

"ह्याच्यात असतं काय गं?"

"यंत्राची अक्कल, अण्णा."

"अरे देवा. मग बेतानं पाहिजे. करपली तर वेडं व्हायचं."

गिऱ्हाइकं ताटकळत होती. एकानं विचारलं, काय शिवताय? अण्णा म्हणाले, "पंख." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले. इस्त्रीचा वास, जळक्या हळदीचा वास आणि माझ्या बोटांवरचा सोगडु, हे तीन वास मला आजही एकदमच येतात, वेगवेगळे करता येत नाहीत.

अगदीच बिघडलेली कार्डं भोकं वाचून वाचून नवी केली. आणि संक्रांत उलटून गेल्यावर एका सकाळी जुना गठ्ठा यंत्राला दिला. देशपांड्यांनी डोळे मिटून हात जोडले. यंत्र कुरकुरलं. मग त्यानं कार्ड घेतलं. दुसरं घेतलं. मग तो सगळा ओळखीचा खडखडाट सुरू झाला, आणि मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. तास गेला. मग आकडे आले. ह्या वेळी चुकांचे नव्हेत. माझा पंख थरथरत होता, जेवढा थरथरायला हवा तेवढाच, अगदी गोजिरवाणा!

राव साहेब कागद घेऊन आत गेले आणि थोड्या वेळानं दारातून डोकं काढून म्हणाले, "सरी. तू कायम." बस्, एवढंच. मी हसायच्याऐवजी भोकाड पसरलं. देशपांडे म्हणाले, "आता कशाला रडायलाय? चाललं की!" आणि त्यांचेही डोळे भरले.

आणि नेमके त्याच दुपारी कर्णिक हजर. यंत्र तपासायला म्हणून झाकण उघडलं, आतल्या रुळावर बोट फिरवलं, आणि बोट वर धरून बघत राहिले. पिवळं धमक. वर तांबड्या रंगाचा ठिपका. देशपांडे सरस्वतीच्या तसबिरीकडे बघू लागले. कर्णिकांनी बोट नाकाशी नेलं. मग जाऊन दार लावून आले, टाय सैल केला, आणि त्यांची परीटघडी पहिल्यांदाच विस्कटली.

"तुमच्याकडे जुना आहे?" ते हळूच म्हणाले. "मला एक प्रत द्या हो. गावोगावची गिऱ्हाइकं जीव खातायत माझा!"

त्या माणसाचा मला इतका राग होता, तो तिथल्या तिथे विरघळला. बिचारा! नव्याचे गुण त्यानं गायचे आणि शिव्याही त्यानंच खायच्या. देशपांड्यांनी त्याला डब्यातलं अवरेचं सारू आणि भात वाढला. त्यानं दोनदा घेतला आणि विचारलं, हा वास कसला? आम्ही दोघं एकदम म्हणालो, "सोगडु."

तो नवा कंपायलर वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. पुढं यंत्राची मेमरी वाढली, बोटीनं पुस्तक आलं, आणि मी त्याच्यावर वर्षानुवर्षं कामं केली. नव्यावर माझा राग नाही. राग ह्याचा येतो की ते येतानाच जुन्याची बॅग भरायला घेतं. माणसाला दोन दिवस द्यावेत की! पुढच्या आयुधपूजेला निळ्या पट्टीच्या एका प्रतीला मी स्वतः हळदकुंकू लावलं, बेतानं, कोरडं. मग दर नव्या आवृत्तीला लावायची पद्धतच पडून गेली. पूजेची प्रत कुणी नेत नसे, कुणी फेकत नसे. मी निवृत्त झाले तेव्हा तसबिरीखालचं कपाट भरलेलं होतं. हुबळीच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. मी त्या लग्नाला गेले होते, छान जेवले.

"अज्जी!" मेघनानं मला हलवलं. परातीतले दाणे संपत आले होते आणि लॅपटॉप बाजूला सारून तीही कधीची हितकत बसली होती. "मग मी काय करू?"

"जुनं कुठंय तुमचं?"

"सगळीकडून काढून टाकलं गं. फक्त..." ती थांबली. "एक जुनं मशीन आहे कोपऱ्यात. आमच्या सिक्युरिटीच्या मंजण्णांनी दसऱ्याला त्याला कुंकू लावलं, लिंबू ठेवलं. तेव्हापासून कुणी हात लावत नाही त्याला. म्हणजे... अपडेट करायलाही कुणी गेलं नाही."

मी परात बाजूला सरकवली.

"अगं मग बसलीस काय?" मी म्हटलं. "ऊठ! बोटं धू आणि मंजण्णांना फोन लाव."

ती उठली. बोटं मात्र धुतली नाहीत.